पत्त्याशिवाय आठवण नाही: मेंदू जागा आणि प्रसंग कसे नोंदवतो

कानाच्या वरच्या कडेवर बोट ठेवा. तिथून साधारण चार-पाच सेंटिमीटर आत, मेंदूच्या तळाकडे, बोटभर लांबीचा एक वळलेला भाग आहे. तसाच दुसऱ्या कानाच्या बाजूलाही आहे. याचं नाव हिप्पोकॅम्पस. प्रत्येकाचं आकारमान जेमतेम तीन-साडेतीन घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही. आजची सकाळ उद्या आठवायची असेल तर ती या चिमूटभर पेशींमधून जावी लागते. अनोळखी गावात पायी हिंडून लॉजवर परतण्याची वाट सापडते, तेव्हाही हाच भाग कामाला लागलेला असतो.

ही दोन कामं एकाच ठिकाणी का? कारण घडलेला प्रसंग मेंदूत एकाच जागी सबंध साठवलेला नसतो. चेहरा, आवाज, वास, बोललेले शब्द हे सगळं मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, वेगवेगळ्या ठिकाणी उमटतं. हे विखुरलेले तुकडे पुन्हा एकत्र कसे बोलवायचे, याची नोंद हिप्पोकॅम्पसकडे असते. थोडक्यात, त्याच्याकडे प्रसंग नसतो, प्रसंगाचा पत्ता असतो. आणि पत्ता म्हटलं की ‘कुठे’ आलंच.

एका माणसाने शिकवलेलं

१ सप्टेंबर १९५३ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि त्याच्या आजूबाजूची ऊती काढून टाकली. अपस्माराचे झटके औषधांना दाद देत नव्हते, म्हणून हा निर्णय झाला. झटके बरेच कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, बोलणं-चालणं नीट राहिलं, लहानपणीच्या गोष्टीही आठवत होत्या. नव्या आठवणी मात्र जवळजवळ बंद झाल्या. २००८ मध्ये वारेपर्यंत ते शोधनिबंधांमध्ये ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच ओळखले जात.

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांच्यावर केलेल्या दोन चाचण्या जवळून पाहण्यासारख्या आहेत. पहिलीत त्यांना ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटांनीही त्यांनी तो बरोबर सांगितला. कसा, तर ५, ८ आणि ४ यांची बेरीज १७. आठ लक्षात ठेवायचा, १७ मधून वजा केला की ९ उरतात, नवाचे दोन भाग ५ आणि ४. हे गणित ते मनात सतत घोळवत राहिले होते. लक्ष दुसरीकडे वळवलं आणि मिनिटाभरात आकडा तर गेलाच, कुणी आकडा विचारला होता हेही गेलं. दुसऱ्या चाचणीत फक्त आरशात पाहून, एकात एक असलेल्या दोन चांदण्यांच्या मधल्या पट्टीतून पेन्सिल फिरवायची होती. आरशामुळे हात उलटा जातो आणि पहिल्यांदा सगळ्यांचीच रेघ बाहेर जाते. तीन दिवसांच्या सरावात एच. एम. यांच्या चुका झपाट्याने कमी झाल्या. पण प्रत्येक दिवशी ते काम त्यांना अगदी नवंच वाटायचं.

म्हणजे ‘स्मृती’ हे एकच खातं नाही. मनात घोळवत ठेवणं वेगळं, हाताला सवय लागणं वेगळं आणि ‘काल दुपारी असं असं घडलं’ हे आठवणं वेगळं. सायकल चालवणं किंवा पोळी लाटणं यांसाठी मेंदूतली दुसरी केंद्रं आहेत. हिप्पोकॅम्पसवर अवलंबून आहे ती प्रामुख्याने प्रसंगांची स्मृती.

त्यांच्या मृत्यूनंतर सॅन दिएगोमध्ये त्यांच्या मेंदूचे २४०१ पातळ काप काढण्यात आले. त्या कामाला सलग ५३ तास लागले. कापांमध्ये दिसलं की हिप्पोकॅम्पसचा मागचा बराचसा भाग शिल्लकच होता. जवळजवळ संपूर्ण नाहीशी झालेली होती ती शेजारची पट्टी, एंटोरायनल कॉर्टेक्स. बाहेरच्या थरांमधली माहिती हिप्पोकॅम्पसमध्ये जाते ती बहुतांशी याच दारातून. दार नसेल तर आतली खोली उरून उपयोग काय? या दाराकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण नकाशाचे आडवे-उभे धागेही तिथेच विणले जातात.

आतली वाट

एंटोरायनल कॉर्टेक्समधून निघालेला संकेत आधी डेंटेट जायरस या भागात जातो, तिथून सीए-३, मग सीए-१ आणि तिथून फिरून पुन्हा एंटोरायनल कॉर्टेक्सच्या खालच्या थरांत. (सीए-१ ला थेट जाणारा आडमार्गही आहे, पण मुख्य फेरी ही.) या वाटेवरचे आकडे बघितले की प्रत्येक टप्प्याचं काम कळतं. उंदराच्या मेंदूत, एका बाजूला, दारातून आत संकेत पाठवणाऱ्या पेशी एक-दोन लाख. डेंटेट जायरसमध्ये त्या संकेतांसाठी सुमारे दहा लाख पेशी बसलेल्या. सीए-३ मध्ये मात्र अडीच-तीन लाखच.

दहा लाखांच्या त्या गर्दीत कुठल्याही एका वेळी शंभरात जेमतेम दोन-चार पेशी बोलतात, बाकीच्या गप्प. हा कंजूषपणा मुद्दाम आहे. दोन प्रसंग एकमेकांसारखे असले तरी त्यांच्यासाठी निवडल्या जाणाऱ्या पेशींचे गट फार वेगळे पडतात, आणि आठवणी एकमेकींत मिसळत नाहीत. त्याच्या उलट काम सीए-३ चं. तिथली प्रत्येक पेशी त्याच भागातल्या सुमारे बारा हजार जोडांमधून शेजारणींचं ऐकते. त्यामुळे गटातल्या थोड्या पेशी जागवल्या की उरलेला गट आपोआप जागा होतो. उदबत्तीचा वास आला आणि आजोळचं देवघर, तिथली माणसं, खिडकीतलं ऊन सगळं उभं राहिलं, ते या जोडणीमुळे.

दोन्ही कामांची ओढाताण रोज अनुभवाला येते. स्टेशनबाहेरच्या एकाच वाहनतळावर तुम्ही रोज स्कूटर लावता. संध्याकाळी ती कुठे लावली ते आठवत नाही. याचा अर्थ नोंद झाली नाही असं नसतं. कालची, परवाची, आजची अशा सगळ्या नोंदी इतक्या सारख्या असतात की सीए-३ भलतीच पूर्ण करतं. उपाय साधा आहे. लावताना एखादी त्या दिवसापुरतीच गोष्ट पाहून ठेवायची, शेजारच्या गाडीचा रंग किंवा जवळचा खांब, म्हणजे डेंटेट जायरसला फरक करायला काहीतरी मिळतं. वयानुसार हे फरक करण्याचं काम आधी कमजोर होतं, म्हणूनच ज्येष्ठांना ‘हे आज सांगितलं की गेल्या आठवड्यात?’ असा घोळ जास्त होतो.

जोड घट्ट होतो म्हणजे काय होतं

आठवण पेशीत नसते, दोन पेशींमधल्या जोडाच्या ताकदीत असते. या जोडाला सिनॅप्स म्हणतात. १९७३ साली टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी ओस्लोमधल्या सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की हिप्पोकॅम्पसकडे येणाऱ्या तंतूंना थोडा वेळ झपाट्याने विजेचे धक्के दिले, तर नंतर कित्येक तास तोच जोड जास्त जोरात उत्तर देतो.

यंत्रणा अशी. पहिली पेशी जोडापाशी ग्लुटामेट हे रसायन सोडते. समोरच्या पेशीवर ते पकडणारी दोन प्रकारची दारं असतात. एएमपीए नावाची दारं लगेच उघडतात आणि रोजचा संदेश पोचवतात. एनएमडीए नावाच्या दारात मॅग्नेशियमचा कण बुचासारखा अडकलेला असतो. ग्लुटामेट आलं तरी ते उघडत नाही. समोरची पेशी त्याच वेळी स्वतःही पुरेशी उत्तेजित असेल तरच बूच उडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. म्हणजे ‘पहिली बोलली’ आणि ‘दुसरीही त्याच क्षणी जागी होती’ या दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. दोन गोष्टी एकत्र घडल्याची नोंद घेणारा इतका सुबक भाग शरीरात क्वचितच असेल. आत आलेलं कॅल्शियम काही एन्झाइमं जागी करतं आणि ती जोडावर आणखी एएमपीए दारं आणून बसवतात. जोड घट्ट झाला. पण हे तासा-दोन तासांचं काम झालं. तो दिवसेंदिवस टिकायचा तर पेशीला नवी प्रथिनं तयार करावी लागतात.

एडिनबर्गच्या रिचर्ड मॉरिस यांनी याची परीक्षा पाण्याच्या गोल टाकीत घेतली. पाणी दुधाने गढूळ केलेलं, त्यात पृष्ठभागाच्या जरा खाली एक चौथरा लपवलेला. उंदीर पोहत सुटतो आणि काही फेऱ्यांनंतर भिंतींवरच्या खुणांच्या आधाराने सरळ चौथऱ्याकडे जायला शिकतो. १९८६ च्या प्रयोगात एनएमडीए दारं बंद करणारं औषध दिलेल्या उंदरांना ती जागा नीट शिकता आली नाही. भरपूर दारू थोड्या वेळात, त्यातही रिकाम्या पोटी, घेतली की होतं ते बरंचसं असंच. अल्कोहोल याच दारांचं काम दाबतं. माणूस गप्पा मारतो, बिल भरतो, घरी पोचतो, आणि सकाळी त्यातलं काहीच हाती लागत नाही. त्याला विसर पडलेला नसतो, मुळात नोंदच झालेली नसते. त्यामुळे ‘आठव, आठव’ म्हणून काही उपयोग नाही.

एक अडचण उरते. वर सांगितलेल्या अटीतली वेळ सेकंदाच्या छोट्या अंशाची आहे, आणि जगातले प्रसंग तर कित्येक सेकंद चालतात. २०१७ मध्ये जेफ्री मॅगी यांच्या गटाने सीए-१ मध्ये दुसरीच एक पद्धत दाखवली. एखाद्या पेशीत लांबलेला विद्युत-उसळा आला, तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काही सेकंदांत जागे असलेले जोड एका फटक्यात घट्ट होतात. एकदाच पाहिलेली जागा, एकदाच घडलेला अपघात कायमचा का लक्षात राहतो, याचं हे सध्याचं सगळ्यात पटणारं उत्तर आहे.

नवेपणाचाही यात हात आहे. काही नवं समोर आलं की डोपामिनसारखी रसायनं सुटतात आणि थोडेसेच घट्ट झालेले जोडही प्रथिनांच्या जोरावर टिकून जातात. याचा फायदा शेजारच्या आठवणींनाही मिळतो. अर्जेंटिनातल्या शाळांमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांना एक गोष्ट वाचून दाखवली होती. तिच्या तासभर आधी किंवा नंतर, वर्गाबाहेर, न अपेक्षिलेला नवा धडा घेतला गेला, त्या मुलांना गोष्ट जास्त आठवली. चार तासांचं अंतर ठेवलं तर फायदा गेला.

जागेची पेशी

१९७१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये केसाहून बारीक तारा बसवून, उंदीर मोकळा फिरत असताना, एकेका पेशीचे विद्युत-स्पंद टिपत होते. काही पेशी उंदीर काय करतो याला दाद देत नव्हत्या. उंदीर ठरावीक जागी आला की मात्र त्यांचे स्पंद सुरू व्हायचे. जागा सोडली की शांतता. पुन्हा आला की पुन्हा सुरू. या झाल्या ‘प्लेस सेल’, जागेच्या पेशी. त्यांचे काही गुणधर्म नीट लक्षात घेतले तर पुढचं सगळं सोपं जातं.

हिप्पोकॅम्पसच्या वरच्या टोकाला एका पेशीची जागा काही दहा सेंटिमीटरांची असते, खालच्या टोकाकडे ती वाढत जाते. १८ मीटर लांबीच्या मार्गावर उंदीर पळवला तेव्हा तिथल्या पेशींचा मुलूख दहा मीटरांच्या घरात निघाला. दिवे घालवले तरी पेशी बराच वेळ आपली जागा सोडत नाहीत, म्हणजे ही केवळ डोळ्यांची करामत नाही. भिंतीवरचं खुणेचं कार्ड ९० अंशांनी फिरवलं तर सगळ्यांच्या जागाही ९० अंशांनी फिरतात. आणि मेंदूत शेजारी बसलेल्या दोन पेशींच्या जागा खोलीत शेजारी असतीलच असं नाही. कागदावरच्या नकाशासारखं इथे काही पसरलेलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा गुणधर्म पुढचा. उंदराला दुसऱ्या खोलीत नेलं की सगळे पत्ते नव्याने वाटले जातात. पहिल्या खोलीत दाराजवळ बोलणारी पेशी दुसऱ्या खोलीत मधोमध बोलेल किंवा मुळीच बोलणार नाही. पहिल्या खोलीत परत आणलं की जुनी वाटणी जशीच्या तशी परत. म्हणजे पेशींचा कोणता गट जागा आहे एवढ्यावरून ‘कुठली खोली’ आणि ‘खोलीत कुठे’ दोन्ही कळतं. आठवणीसाठी नेमकं हेच हवं असतं. दर संदर्भाला आपला वेगळा गट.

षटकोनांचं जाळं

जागेच्या पेशींना माहिती कोण पुरवतं, हे शोधत नॉर्वेतल्या ट्रॉनहेममध्ये मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांचा गट एंटोरायनल कॉर्टेक्सपाशी पोचला. तिथली पेशी एका जागी नव्हे, अनेक जागी बोलत होती. लहान पेटीत हे ठिपके विस्कळित वाटायचे. पेटी मोठी केल्यावर चित्र उलगडलं. ठिपके समभुज त्रिकोणांच्या कोपऱ्यांवर होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती सहा ठिपके, सारख्या अंतरावर. या झाल्या ‘ग्रिड सेल’, जाळ्याच्या पेशी. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१४ च्या नोबेलमधला अर्धा वाटा ओकीफ यांना आणि अर्धा मोझर जोडीला मिळाला.

उंदराच्या पेटीत षटकोन आखलेले नसतात. हा नमुना मेंदू स्वतः तयार करतो, आणि चालण्याचा वेग नि दिशा यांच्या हिशेबाने त्यावर पुढे सरकत राहतो. दिशेची बातमी आणणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. डोकं ठरावीक दिशेला वळलं की त्या बोलतात. वेगाच्या पेशी वेगळ्या, भिंत किंवा कठडा जवळ आल्याचं सांगणाऱ्या वेगळ्या.

पण एकच नमुना वारंवार येत असेल तर आपण नेमके कितव्या ठिपक्यावर आहोत हे कसं कळणार? इथे घड्याळाच्या काट्यांचा विचार करा. मिनिटकाटा दर तासाला त्याच जागी येतो, एकट्यावरून वेळ कळत नाही, पण तासकाट्याच्या जोडीने कळते. ग्रिड पेशींचेही गट असतात. उंदरात सगळ्यात बारीक जाळ्याच्या ठिपक्यांत अंतर सुमारे ३० सेंटिमीटर, आणि पुढच्या प्रत्येक गटात ते साधारण १.४ पट. चार-पाच गट एकत्र वाचले की मोठ्या आवारातही जागा एकमेव ठरते, आणि त्यासाठी पेशी फार लागत नाहीत.

पावलं मोजत जाण्याच्या या हिशेबात दर पावलाला थोडी चूक साचते. भिंतीपाशी आलं की ती दुरुस्त होते. त्यामुळेच खुणा नसलेल्या मोकळ्या मैदानात, दाट धुक्यात, किंवा एकसारखे मजले असलेल्या तळघरातल्या वाहनतळावर माणूस लवकर भरकटतो. हिशेब चालू असतो, दुरुस्ती मिळत नसते. कोकणकड्यासारख्या ठिकाणी धुकं उतरल्यावर अनुभवी मंडळी ‘थांबा, हलू नका’ म्हणतात, ते याच कारणाने शहाणपणाचं आहे.

‘कुठे’मध्ये ‘काय’ कधी मिसळतं

एंटोरायनल कॉर्टेक्सचा आतल्या अंगाचा भाग ‘कुठे’ पाहतो, तर बाहेरच्या अंगाचा ‘काय’. सचिन देशमुख (आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत) आणि जेम्स निरीम यांनी २०११ साली दाखवलं की बाहेरच्या अंगाच्या काही पेशी पेटीत ठेवलेल्या वस्तूपाशी बोलतात. काही तर वस्तू उचलून नेल्यावरही, पूर्वी ती जिथे होती त्या जागी बोलतात. हे दोन प्रवाह हिप्पोकॅम्पसमध्ये एकत्र येतात. त्यात ‘केव्हा’ची भर पडते, कारण उंदीर एका जागी वाट पाहत असतानाही काही पेशी ठरावीक क्रमाने, एक दुसऱ्या सेकंदाला, एक पाचव्या सेकंदाला, अशा बोलत जातात.

२०१७ साली प्रिन्सटनमध्ये उंदरांना कळ दाबून आवाजाची पट्टी खालून वर न्यायला आणि ठरावीक टप्प्यात सोडायला शिकवलं. त्याच हिप्पोकॅम्पस आणि एंटोरायनल भागातल्या पेशी आता विशिष्ट स्वरपट्टीला बोलू लागल्या. म्हणजे जागा हा या यंत्रणेचा एकमेव विषय नाही. क्रमाने सरकणारी कुठलीही गोष्ट ती मांडू शकते. तरी भाषण किंवा यादी पाठ करताना ओळखीच्या घरातल्या एकेका खोलीत एकेक मुद्दा ‘ठेवण्याची’ प्राचीन ग्रीक-रोमन युक्ती आजही इतकी चालते, याचं कारण जागेची चौकट या यंत्रणेत आयती तयार असते.

झोपेत उजळणी

उंदीर लांब मार्गावरून धावून आला आणि झोपला. धावताना अ, आ, इ, ई या क्रमाने बोललेल्या जागेच्या पेशी झोपेतही त्याच क्रमाने बोलतात, फक्त दहा-वीस पट वेगाने. सेकंदांची धाव सेकंदाच्या दशांशात आटपते. धावताना एकत्र बोललेल्या पेशी झोपेतही एकत्र बोलतात, हे १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी प्रथम नीट दाखवलं. क्रमही तोच असतो हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. ही पुनरावृत्ती घडते तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला दीड-दोनशे वेळा थरथरणारी लहर उठते. त्याच वेळी कॉर्टेक्समध्ये गाढ झोपेच्या संथ लाटा चालू असतात, आणि नोंद हळूहळू तिकडे पक्की होते. लहानपणीच्या गोष्टी एच. एम. यांना आठवत होत्या त्या अशाच, आधी पक्क्या झाल्या होत्या म्हणून.

२००९ मध्ये फ्रान्समधल्या गटाने झोपलेल्या उंदरांच्या या लहरी उठताक्षणी विजेच्या छोट्या धक्क्याने मोडल्या. हे उंदीर चक्रव्यूहातल्या खाऊच्या जागा मंदगतीने शिकले. तितकेच धक्के पण लहरींच्या वेळा चुकवून दिलेल्या उंदरांचं काही बिघडलं नाही. माणसांत असं करता येत नाही, पण जर्मनीतल्या ल्यूबेकचा २००७ चा प्रयोग फार छान आहे. लोकांना चित्रकार्डांच्या १५ जोड्या पटावर कुठे आहेत हे गुलाबाच्या वासात शिकवलं. मग गाढ झोपेत तोच वास दिला. सकाळी ९७ टक्के जागा आठवल्या. वास न दिलेल्या रात्रीनंतर ८६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच की गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या निम्म्यात येतो. पहाटे तीनला झोपून सहाला उठणं हा वाईट सौदा आहे, पण अजिबात न झोपण्यापेक्षा बरा.

बिघाड कुठे होतो

सीए-१ च्या पेशी ऑक्सिजनच्या कमतरतेला फार नाजूक. हृदयक्रिया काही मिनिटं थांबून माणूस वाचला, तर बाकी मेंदू ठीक दिसूनही नव्या आठवणी बनण्यात कायमची अडचण राहू शकते ती म्हणून. याच भागाशी जोडलेला, घाबरवणारा पण सहसा निरुपद्रवी प्रकार म्हणजे तात्पुरता सर्वंकष विस्मृतीचा झटका. पन्नाशीच्या पुढची धडधाकट व्यक्ती अचानक ‘आपण इथे कसे आलो?’ हे दर दोन मिनिटांनी विचारू लागते. नाव, घरचे, बोलणं सगळं ठीक. काही तासांत, उशिरात उशिरा २४ तासांत, गाडी रुळावर येते. त्या तासांची आठवण मात्र परत येत नाही. हा पक्षाघात नाही हे घरच्यांनी ठरवायचं नसतं, त्यामुळे लगेच रुग्णालय गाठावं.

ताणाचं काम सावकाश चालतं. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, जखडून ठेवलं. सीए-३ मधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालातल्या फांद्या उलट वाढल्या. तीन आठवडे विसावा दिल्यावर सीए-३ सावरलं, अमिग्डाला सावरला नाही. कटकटीच्या काळात साध्या गोष्टी निसटतात पण अपमान मात्र तपशीलवार लक्षात राहतो, याचं बरंच उत्तर या एका प्रयोगात आहे.

आणि अल्झायमर. त्याचा पहिला घाला त्याच दारावर पडतो, एंटोरायनल कॉर्टेक्सच्या दुसऱ्या थरावर, जिथून संकेत आत निघतो. अगदी सौम्य लक्षणांच्या टप्प्यावर वारलेल्या रुग्णांमध्येही त्या थरातल्या निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या आढळल्या आहेत. नकाशा आणि आठवण एकत्र का ढासळतात ते इथे उघड होतं. दोन्ही एकाच उंबरठ्यावरून आत जातात. म्हणून घरच्यांनी काय बघायचं, तर नाव न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं याने घाबरू नये. पण वीस वर्षांच्या ओळखीच्या भाजीमंडईतून घरी येताना वाट चुकणं, तासाभरात तोच प्रश्न पुन्हा नव्याने विचारणं, हे दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं. तपासणीत थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रक्तचाचणी असतेच. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, तिनेही स्मरणशक्ती मंदावते, आणि ती कमतरता वेळीच पकडली तर औषधाने बरी होणारी आहे.

वापराने काय बदलतं

लंडनची काळी टॅक्सी चालवायची तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५ हजार रस्ते पाठ असावे लागतात. तयारीला बहुधा तीन-चार वर्षं जातात. एलनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या चालकांचा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मुळात तसा मेंदू असलेलेच या धंद्यात येतात, ही शंका तिथे रास्त होती. म्हणून २०११ मध्ये ७९ उमेदवारांना शिकण्याच्या आधी आणि नंतर तपासलं. सुरुवातीला सगळे सारखे. पास झालेल्या ३९ जणांत मागचा भाग वाढला, नापासांत नाही. फुकट काही नव्हतं. अनुभवी टॅक्सीचालकांचा पुढचा भाग लहान आढळला, आणि गुंतागुंतीची आकृती थोड्या वेळाने आठवून काढण्यात ते इतरांपेक्षा मागे पडले. ठरलेल्या मार्गाने बस हाकणाऱ्यांत हा बदल दिसला नाही.

फोनवरचा नकाशा वापरताना हाच फरक लागू पडतो. ‘शंभर मीटरवर डावीकडे’ ऐकत गेलात तर तुम्ही बसचालक. निघण्यापूर्वी सबंध मार्ग बोटांनी लहान करून एकदा पाहिला, नकाशा उत्तर वर अशा स्थितीत ठेवला, आणि परतताना आवाज बंद केला, तर हिप्पोकॅम्पसला करायला काहीतरी उरतं.

२०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदींवरून ४४३ व्यवसायांची तुलना प्रसिद्ध झाली. अल्झायमरने मृत्यू होण्याचं प्रमाण टॅक्सीचालक आणि रुग्णवाहिकाचालक यांच्यात सगळ्यात कमी होतं. बसचालक आणि वैमानिकांत तसं दिसलं नाही. यावरून रस्ते शोधल्याने रोग टळतो असं म्हणता येत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर अल्झायमर नेहमी लिहिला जातोच असं नाही, आणि ज्यांना वाटा लक्षात राहत नाहीत ते हा धंदा आधीच सोडत असतील. वर सांगितलेली रास्त शंका इथेही उभी आहे. फरक इतकाच की इथे शिकण्याआधीचे आणि नंतरचे मेंदू कुणी तपासलेले नाहीत.